मोठ्या घरचं बराबर हाय

सोमेश्वरने शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीच्या पत्र्यावर भोंगा बसवला, तेव्हा शिरड शहापुरात कुणाचीच तक्रार नव्हती. कारण तो अजून वाजला नव्हता.

कल्पना साधी होती. हळद खणून, शिजवून उघड्यावर पसरली की शेतकऱ्याची मान जी वर होते, ती माल मोंढ्याच्या बाजारात जाईपर्यंत खाली येत नाही. चैत्रातला एखादा वाट चुकलेला ढग येतो, पाव तास गळतो आणि निघून जातो. मागे राहतं ते काळं पडलेलं हळकुंड, ज्याच्याकडे व्यापारी सुतकातल्या माणसाकडे बघावं तसं लांबून बघतो. म्हणून आखाड्यावर एक माणूस आभाळ राखायला ठेवतात. सोमेश्वरच्या घरी हे काम त्याचे वडील उकंडराव करत. ते निजून करत. आभाळ बघायला निजणंच सोयीचं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नव्हती. फक्त डोळे उघडे ठेवण्याचा भाग त्यांच्याकडून राहून जाई.

सोमेश्वर बी.एस्सी. झाला होता, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. गाव त्याला ‘इंजिनेर’ म्हणे. “मी इंजिनिअर नाही, विज्ञानाचा पदवीधर आहे,” असं तो दर वेळी सांगे आणि गाव त्याला पोराची नम्रता समजे. दुपारी तो औंढ्याच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवी. उरलेल्या वेळात त्याने हे यंत्र केलं होतं. प्रत्येकाच्या हळदीच्या कडेला तांब्याच्या रेघांची एक पट्टी ठेवायची. पट्टीवर थेंब पडला की दोन रेघा जोडल्या जातात, वीज वाहते, खोलीतल्या छोट्या बोर्डाला ते कळतं, बोर्ड भोंगा वाजवतो आणि सगळे ताडपत्री घेऊन धावतात.

पट्ट्या तीनच होत्या, कारण त्या खळ्यावर हळद तिघांची होती. एक सोमेश्वरचे थोरले चुलते वैजनाथ, ज्यांना सगळे तात्या म्हणत. दुसरे उकंडराव. तिसरा शेजारच्या तांड्यावरचा शंकरसिंग, ज्याच्या शेतात सपाट जागा अशी नव्हतीच. प्रोग्राम लिहिताना सोमेश्वरने पट्ट्यांना क, ख, ग असली निर्जीव नावं दिली नाहीत. ज्याची हळद, त्याचं नाव. तेही मानाप्रमाणे: आधी वैजनाथ, मग उकंडराव, मग शंकरसिंग. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण प्रोग्राम रीतीभातीचा होता.

भोंग्यावर भरवसा ठेवून राखण उठली. उकंडरावांनी बाज खोलीत नेली, म्हणजे काम सुटलं तरी पद्धत सुटली नाही. तिघांची वर्षाची हळद आता सोमेश्वरच्या शब्दावर उन्हात पडली होती.

पहिल्यांदा भोंगा वाजला तो भर दुपारी. तांड्यापर्यंत आवाज गेला. शंकरसिंग अर्धी दाढी करून धावत आला. सगळ्यांनी ताडपत्र्या ओढल्या, कडेने दगड ठेवले आणि मग एकेकाने वर पाहिलं. आभाळात घार होती. बाकी काही नव्हतं. ताडपत्रीखाली तापलेल्या हळदीला घाम सुटला.

“ऊन लागलंय बोर्डाला,” शंकरसिंग म्हणाला. उरलेल्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता. “सोमाभाऊ, वल्लं फडकं गुंडाळ त्याला.”

“पावसाच्या यंत्राला ओलं फडकं?”

“मंग उघडून बघ. आमच्या टीव्हीत पाल निघाली होती.”

“बंद करून चालू कर,” उकंडराव म्हणाले. हा सल्ला ते मोटारीपासून जावयापर्यंत सगळ्यांना देत.

दुसऱ्यांदा वाजला तो वाईट वेळी. तात्यांच्या कोमलला बघायला पुसेगावचे पाहुणे आले होते. तात्यांनी बैठक मुद्दाम आखाड्यावर ठेवली, कारण पोरीच्या आधी हळद दाखवावी असा त्यांचा हिशोब. जेवणं झाली, सुपारी कातरली गेली, मुलाचे मामा नुकते “तर मग आमचं म्हणणं असं…” म्हणून पुढे सरकले आणि पत्र्यावरून भोंगा किंचाळला. मामांना वाटलं धाड पडली. ते उठले, अनवाणी हळदीत शिरले आणि दिसेल ती ताडपत्री डोक्यावर घेऊन मधोमध उभे राहिले. त्यांना बाहेर काढून पाय धुतले, तरी ते पिवळेच राहिले. पाहुणे “कळवतो” म्हणून गेले. ‘कळवतो’ हा शब्द तात्यांना कळत होता.

“सोम्या,” तात्या म्हणाले, “आता एकदा जरी हा भोंगा कोरडा बोंबलला, तर उतरवून म्हशीच्या गळ्यात बांधीन. आन् मंग क्लास-बिस सोडून तूच बसायचं आभाळ राखत. बापासारखं.”

खोलीतल्या बाजेवर उकंडरावांनी कूस बदलली.

आता ज्यांना यातलं कळतं ते म्हणतील, प्रोग्रामने भोंगा का वाजवला ते प्रोग्रामलाच लिहून ठेवायला सांगायचं, संध्याकाळी वाचायचं. सोमेश्वरलाही ते कळत होतं. पण ती पोरखेळाची पद्धत, असं त्याचं मत होतं. खरा मार्ग म्हणजे डीबगर. ही एक बोटभर काडी असते. एक टोक बोर्डाला, दुसरं लॅपटॉपला. मग चालत्या प्रोग्रामला कुठल्याही ओळीवर ‘थांब’ म्हणता येतं, आणि त्या क्षणी त्याच्या पोटात काय चाललंय ते वाचता येतं. वैद्य नाडी बघतो तसं. फरक इतकाच, की इथे नाडी बघताना पेशंटचं हृदय थांबवावं लागतं.

काडी मागवली आणि ती येईपर्यंत भोंग्याची वायर काढून ठेवली. पत्ता लिहिला: उकंडराव यांचा आखाडा, शिरड शहापूर. काही दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन आला.

“घर नंबर सांगा.”

“आखाड्याला नंबर नसतो. कुणालाही विचारा, उकंडरावांचा आखाडा.”

“नावानं न्हाई चालत, भाऊ. आमच्या मशिनीत नंबरच टाकावा लागतो.”

शेवटी सोमेश्वर हिंगोलीला गेला, आधार कार्ड दाखवलं, कार्डावरचा ‘सोमेश्वर’ आणि पाकिटावरचा ‘सोमेश्वर’ एकच असल्याचं सहीनिशी कबूल केलं आणि काडी घेऊन आला. त्याच फेरीत, भोंग्याची परवानगी नसल्याची कुजबुज गावात सुरू झाली होती म्हणून, तो एका कार्यालयातही जाऊन आला. कोणत्या, ते सांगायला नको. प्रत्येकाला आपल्याच गावचं वाटेल.

“भोंगा कशाचा? देवळाचा, लग्नाचा, का प्रचाराचा?” खिडकीतल्या साहेबांनी विचारलं.

“हळदीचा.”

“मग लग्नाचाच की. असं सरळ सांगावं.” परवानगी मिळाली: एक दिवस, रात्री दहापर्यंत, नवरदेवाकडच्यांनी वाद्य वाजवत रस्ता अडवू नये.

काडी जोडली. लॅपटॉपने तिला ओळख दिली नाही. तिचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला रेंज हवी आणि आखाड्यावर रेंज फक्त शंकरसिंगाच्या बैलगाडीवर उभं राहिलं की येते. सोमेश्वर गाडीवर उभा राहिला. बैल पाणी प्यायला निघाले. सॉफ्टवेअर ओढ्याच्या वाटेवर कुठेतरी पूर्ण उतरलं.

पहिल्यांदा बोर्डाचं पोट उघडलं तेव्हा आत फक्त आकडे होते. लांबलचक, अक्षरं मिसळलेले, मेमरीतल्या जागांचे नंबर. कुरिअरवाल्या पोराला स्वर्ग वाटावा असं गाव: घर क्रमांक सगळ्यांना, माणूस एकही नाही. मग सोमेश्वरने प्रोग्राम नव्याने तयार करताना नावांची यादी सोबत द्यायला सांगितलं. म्हणजे काडीला कळतं, की अमुक नंबरच्या घरात वैजनाथ राहतात. याच्यासाठी तर सगळा खटाटोप. माणसाने यंत्राशी नंबराने नाही, नावाने बोलायचं.

दुसऱ्यांदा नावं आली, पण तिन्ही नावांपुढे ‘काढून टाकलं’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. प्रोग्राम आटोपशीर करण्याच्या नादात यंत्राने ती नावं अनावश्यक ठरवली होती. सोमेश्वरने हे मोठ्याने वाचलं, ती चूक झाली.

“मला काढून टाकलं?” उकंडराव बाजेवरून उठून बसले. हे क्वचित घडे. “सातबाऱ्यावर तरी ठेवलंय का?”

“बाबा, तुम्हाला नाही, तुमच्या पट्टीला.”

“आज पट्टी काढली, उद्या वाटणीतनं काढशील.”

आटोपशीरपणा बंद केला, तेव्हा तिघेही आपापल्या मूल्यासह पडद्यावर आले आणि उकंडराव पुन्हा आडवे झाले.

आता सापळा लावायचा होता. ज्या ओळीवर भोंगा वाजतो, तिच्या आधीच्या ओळीवर सोमेश्वरने ‘थांब’ची खूण ठेवली. पट्टी ओली म्हणजे एक, कोरडी म्हणजे शून्य. कुठल्याही पट्टीचं एक झालं की प्रोग्राम त्या ओळीवर येणार, भोंगा वाजायच्या आत थांबणार, आणि नेमकं कुणाचं एक झालं ते पडद्यावर दिसणार. अडचण एकच. हे व्हायचं दुपारी, आणि दुपारी सोमेश्वर औंढ्याला न्यूटनचे नियम शिकवत असे.

खोलीत दुपारभर जागं बसणारं माणूस एकच होतं: त्याची आई, मनकर्णाबाई. त्या हळकुंडं आणि गड्डे वेगळे करत बसत. सातवी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं आधार कार्डावरून आणि खताच्या गोण्यांवरून ओळखीची झालेली. सोमेश्वरने त्यांना नीट समजावलं.

“आई, पडद्यावर पिवळी ओळ आली की प्रोग्राम थांबला असं समजायचं. खाली तीन नावं आहेत. प्रत्येकापुढे शून्य आहे का एक, ते मला फोनवर वाचून दाखवायचं. मग दारातून बाहेर बघायचं. खरंच पाऊस असेल तर हा हिरवा बाण दाबायचा, भोंगा वाजेल. पाऊस नसेल तर जरा वेळाने हा गोल बाण दाबायचा, म्हणजे ते पहिल्यापासून सुरू होईल. भोंगा वाजणार नाही.”

“हिरवा पावसाचा, गोल उन्हाचा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आन् वाचायचं समद्यांचं?”

“सगळ्यांचं.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग सोमेश्वरकडे, मग पुन्हा पडद्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सोमेश्वर तेव्हा लॅपटॉपच्या चार्जरला विटेचा टेकू देत होता.

दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या नियमावर फोन आला.

“सोमा, पिवळी वळ आली.”

“वाच, वाच!”

“शंकरसिंगाचं शून्य. ह्यांचं शून्य.”

“आणि तात्यांचं?”

“मोठ्या घरचं बराबर हाय.”

“बरोबर म्हणजे शून्यच ना?”

“बराबर हाय म्हणलं ना बाबा. ऊन हाय बाहीर. गोल दाबू का?”

सोमेश्वर खडू हातात घेऊन उभा राहिला. तिन्ही शून्य. तिन्ही कोरडे. तरीही प्रोग्राम त्या ओळीवर आला होता, जिथे एक तरी ओला असल्याशिवाय येताच येत नाही. कुलूप लावलेल्या घरात माणूस बसलेला सापडावा, तसं. त्याने फळ्यावर तिसरा नियम अर्धाच ठेवला. क्रिया झाली, प्रतिक्रिया राहिली.

पुढचे दिवस तेच. दुपार झाली की फोन. शंकरसिंगाचं शून्य, ह्यांचं शून्य, मोठ्या घरचं बराबर. सोमेश्वरने बोर्ड बदलला. तारा बदलल्या. सबंध प्रोग्राम पाठ केला. परदेशातल्या जाणकारांच्या एका ऑनलाइन मंडळावर त्याने प्रश्न टाकला, तेव्हा एकाने बोर्ड दारूने पुसायला सांगितलं आणि दुसऱ्याने लिहिलं की अंतराळातून येणारे किरण कधीकधी मेमरीतल्या शून्याचं एक करून पुन्हा शून्य करतात. सोमेश्वरला दुसरं उत्तर पटलं. पटणारच. स्वतःची चूक मानण्यापेक्षा ताऱ्यांची मानणं कुणालाही सोपं जातं.

संध्याकाळी जेवताना त्याने ते वडिलांना सांगितलं. “लाखो वर्षं प्रवास करून एक कण येतो, बाबा. आणि नेमका आपल्या बोर्डावर पडतो.”

उकंडरावांनी भाकरी मोडली. “रोज जेवणाच्या टायमालाच येतो व्हय?”

यावर विचार करायला हवा होता. सोमेश्वरने केला नाही. निजणाऱ्या माणसाच्या निरीक्षणाला कोण किंमत देतो?

इकडे तात्यांची धमकी पुसेगावच्या ‘कळवतो’सारखी लोंबकळत होती. भोंगा वाजला नव्हता खरा, पण तो न वाजणं हे बाईच्या गोल बाणावर अवलंबून आहे, हे त्यांना कळलं होतं. “म्हंजे राखण आता मनकर्णा करून राहिली,” ते म्हणाले. “मंग यंत्र कशाला पायजे?” शिवाय औंढ्याकडे दोन दिवस संध्याकाळचं गार वारं सुटत होतं. शंकरसिंगाच्या नीलाबाईंनी आपली ताडपत्री घडी मोडून काठाशी आणून ठेवली. ते बघून सोमेश्वरला फार लागलं.

रविवारी क्लासला सुट्टी होती. सोमेश्वरने ठरवलं, आज आपण स्वतः पट्ट्यांपाशी थांबायचं आणि हाताने चाचपायचं. तो उन्हात टोपी घालून उकंडरावांच्या पट्टीशी उकिडवा बसला. दुपार चढली. तात्या नेहमीप्रमाणे आपल्या हळदीशेजारी कडुलिंबाच्या सावलीला जेवायला बसले. सोमेश्वरने पाठ फिरवली. थोरल्या माणसाचे घास मोजू नयेत.

“सोमा, पिवळी वळ!” खोलीतून हाक आली.

“वाच!”

“शंकरसिंगाचं शून्य! ह्यांचं शून्य! मोठ्या घरचं बराबर हाय!”

सोमेश्वर खोलीत धावला. दारातच थबकला. मनकर्णाबाई लॅपटॉपसमोर बसल्या होत्या आणि पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढलेला होता.

“आई, डोळ्यावर ऊन येतंय का?”

“न्हाई रं.” पदराआडून आवाज आला. “मोठ्यांचं नाव हाय ना समोर.”

सोमेश्वर वाकला. पडद्यावर सगळ्यात वर, मानाच्या जागी, वैजनाथ. आणि वैजनाथांच्या पुढे, ठळक, एकटा, एक.

“आई! हे एक आहे!”

“मंग? रोज एकच हाय.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“थोरल्या दिराचं नाव घेऊ व्हय मी? ह्यांचं तरी कधी घेतलंय का? आजपतोर उखाण्यात घेतलं तेवढंच.”

“पण ‘बराबर’ कशाला म्हणालीस?”

मनकर्णाबाईंना त्याच्या बुद्धीची कीव आली. “आरं, घरात थोरलं कोण? यादीत वर कोण? त्याह्यचा लंबर एक आसंल, तर बराबरच हाय की. बाकीच्यायले तू लंबर दिला न्हाईस, त्याला मी काय करू?”

सोमेश्वर भिंतीला टेकला. आठवडाभर त्याने अंतराळातल्या किरणांवर आळ घेतला होता. यंत्राशी नावाने बोलायची सोय करायला त्याने हिंगोली गाठली, बैलांमागे ओढ्यापर्यंत गेला, आणि यंत्र बसवलं अशा घरात जिथे दोन नावं उच्चारायचीच नसतात. राग कुणावर काढावा हे न कळल्याने त्याने तो जवळच्या माणसावर काढला.

“आता तू कशालाही हात लावू नकोस. हिरवा नाही, गोल नाही. काही नाही! मी आल्यावर बघतो.”

मनकर्णाबाईंनी हात मांडीवर घेतले. “न्हाई लावत,” त्या म्हणाल्या. पिवळी ओळ तशीच राहिली.

सोमेश्वर थेट तात्यांच्या पट्टीपाशी गेला. पट्टीवर पाणी होतं. पाण्यात वरणाचा पिवळेपणा होता आणि दोन रेघांच्या मधोमध भाताची दोन शितं, पूल बांधल्यासारखी. शेजारी तात्यांचं ताट, लख्ख रिकामं. तात्यांची रीत जुनी होती: जेवण झालं की ताटातच हात धुवायचा आणि ते पाणी बसल्या जागेवरून एका झटक्यात हळदीच्या कडेला भिरकावायचं. नेम बापाकडून आलेला. पाहुण्यांच्या दिवशी त्यांनी तो जरा जोरातच मारला असणार.

या ठिकाणी शहाण्या माणसाने गुपचूप पट्टी हातभर सरकवली असती आणि विषय मिटवला असता. पण सोमेश्वर विज्ञानाचा पदवीधर होता. त्याला शोध लागला होता, आणि शोध चारचौघांत सांगायचा असतो.

“तात्या,” तो म्हणाला, “दोष प्रोग्रामचा नव्हता. तुमचा होता.”

तात्या उठून उभे राहिले. शंकरसिंग कुदळ टाकून आला. नीलाबाई आल्या. कोमल घागर घेऊन आली आणि घागर कमरेवरच राहिली. उकंडरावसुद्धा खोलीतून बाहेर येऊन लिंबाच्या बुंध्याला टेकले.

“माजा?” तात्या म्हणाले. “माज्या बापानं हितंच हात धुतला. माज्या आज्यानं हितंच धुतला.”

“तेव्हा पट्टी नव्हती, तात्या.”

“मंग पट्टी काढ! आन् माजं नाव बी काढ त्या डब्यातनं. माज्या नावाच्या पुढं काय लिहून राहिलास, मला न इचारता?”

“एक लिहिलंय फक्त.”

“काहून? मी काय ढ पोरगं हाय व्हय, एक मार्क द्यायला?”

“दादाचं नाव काढलं तर वर माझं येतं,” उकंडरावांनी सहज निदर्शनास आणलं.

“तुजं येतं म्हंजे? मी मेलो व्हय?”

“सोमाभाऊ,” शंकरसिंगाने आवाज चढवला, “समद्यात खाली मला टाकलं ते बी सांगून टाक. हळद माझी जास्ती हाय. तांड्यावरचा म्हणून खाली का?”

“हो, तसंच आसंल!” नीलाबाई म्हणाल्या. “रोज म्हणतात शंकरसिंगाचं शून्य, शंकरसिंगाचं शून्य. तांड्यापतोर ऐकू येतं.”

सगळे एकदम बोलू लागले. सोमेश्वर मध्ये उभा राहून शून्य हे चांगलं असतं हे पटवत होता, आणि हे पटवणं जगात कुणालाच जमलेलं नाही. सगळ्यांच्या पाठी औंढ्याकडे होत्या. तिकडून एक ढग येत होता, सावकाश, सरकारी गाडीसारखा.

लिंब दाट होता. पहिले थेंब पानांनीच झेलले. पण खोलीवर पत्रा होता आणि पत्र्यावरचा पहिला थेंब मनकर्णाबाईंनी ऐकला. टण्. मग दुसरा. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पिवळी ओळ जागच्या जागी. ह्यांचं शून्य. शंकरसिंगाचं शून्य. प्रोग्राम तात्यांच्या शितांवरच थांबलेला. हिरवा बाण बोटाएवढ्या अंतरावर होता. पण पोरगं हात लावू नको म्हणालं होतं.

तोंड उघडू नको, असं म्हणालं नव्हतं.

त्या दारात आल्या. “अहो!”

कुणी वळलं नाही. लिंबाखाली तीन नवरे होते, तिघेही घरी ‘अहो’च होते, आणि तिघांनाही वाटलं ही हाक दुसऱ्या कुणाला. शिवाय ‘अहो’मागून फार तर चहा येतो किंवा पिशवी. त्यासाठी भांडण कोण सोडतं?

“अहो, आयकता का!”

उकंडरावांनी पाठ खाजवली.

हळदीवर टपोरे ठिपके उमटू लागले. मनकर्णाबाईंनी पदर मागे सारला. छातीत श्वास भरला.

“उकंडराव!”

भांडण मधल्या अक्षरावर तुटलं. कोमलच्या हातून घागर सुटली. उकंडराव शाळेत हजेरीला उठावं तसे ताठ उभे राहिले आणि “हजर” म्हणतात की काय असं वाटलं. लग्न झाल्यापासून त्या तोंडून ते नाव एकदाच आलं होतं, तेही यमक जुळवून, महादेवाच्या पिंडीला बेलाच्या पानासोबत.

“उकंडराव! ताडपत्री! आन् वैजनाथराव, तुमी काहून उभे? वल्ली होऊन राहिली की हळद!”

तात्या पळाले. कुणी विचार केला नाही, कुणी वर पाहिलं नाही. ज्या घरात मनकर्णाबाई थोरल्या दिराला नावाने हाक मारते, तिथे एकतर प्रलय आलाय किंवा ती वेडी झाली आहे, आणि दोन्हीत पळणं हेच शहाणपण. ताडपत्र्या उडाल्या, दगड पडले. नीलाबाईंची ताडपत्री काठाशीच होती, ती सगळ्यात आधी पसरली. मनकर्णाबाई दारातून नावानिशी हुकूम सोडत होत्या. “शंकरसिंग, ते टोक! वैजनाथराव, दगड! उकंडराव, निजू नका त्याच्यावर, धरा!” ढग पाव तास गळला आणि जसा आला तसाच निघून गेला. कडेची चार-दोन घमेली भिजली. बाकी सगळी हळद कोरडी होती.

पाऊस थांबला. ऊन पडलं. सोमेश्वर चिंब होऊन खोलीत आला. पडद्यावर पिवळी ओळ बघून त्याला स्वतःची लाज वाटली. भोंगा ज्या ओळीवर वाजायचा, तिच्या दारात त्यानेच प्रोग्रामला उभं करून ठेवलं होतं आणि किल्लीवाल्या माणसाला हात लावू नको म्हणून बजावलं होतं. तो वाकला आणि हिरवा बाण दाबला.

लख्ख उन्हात भोंगा किंचाळला.

सगळे परत हळदीकडे पळाले. झाकलेली हळद परत झाकायला जागा नव्हती, म्हणून नुसतेच उभे राहिले. सोमेश्वरने वायर उपटली. मग सगळे तात्यांकडे बघू लागले, कारण म्हैस तिथेच रवंथ करत होती आणि तिचा गळा मोकळा होता.

तात्यांनी भोंग्याकडे पाहिलं. मग टपकणाऱ्या पत्र्याकडे. मग दारातल्या मनकर्णाबाईंकडे, ज्यांचा पदर आता पुन्हा नाकापर्यंत आला होता.

“मी काय म्हणलो होतो? कोरडा बोंबलला तर,” तात्या म्हणाले. “हा वल्ला बोंबलला. उशिरा, पण वल्ला. राहू द्या.” मग त्यांनी पुढचं ठरवलं. “मी जागचा हलणार न्हाई. पट्टी सरकव.”

पट्टी हातभर सरकली. सोमेश्वरने त्या रात्री नावं काढून तिथे एक, दोन, तीन असे नंबर घालायची तयारी दाखवली, म्हणजे कुणाच्या रीतीला धक्का नको. मनकर्णाबाई परातीत हळकुंडं निवडत होत्या.

“राहू दे नावंच,” त्या म्हणाल्या. “एकदा निघालं तोंडातनं. आता काय वल्लं आन् काय कोरडं.”

त्यांची भीड अशी चेपली. उकंडरावांची मात्र चेपली नाही. पुढच्या आठवड्यात हळद हिंगोलीच्या मोंढ्यात गेली. ढीग लागले, व्यापारी जमले, लिलाव पुकारणारा माणूस ढिगामागून ढीग करत आला आणि खणखणीत आवाजात ओरडला, “उकंडराव!”

उकंडराव पोत्यावर निजले होते. ते उठले, कुणाकडे न बघता गाडीतली ताडपत्री ओढली आणि आपला ढीग झाकला. कडेने चपला ठेवल्या, दगड नव्हते म्हणून. ते बघून शंकरसिंगाने झाकला. शंकरसिंगाचं बघून पुसेगावच्या एका शेतकऱ्याने, आणि त्याचं बघून ओळीतल्या सगळ्यांनी. व्यापारी तोंड वर करून शेडच्या पत्र्याकडे बघायला लागले.

सगळा मोंढा पिवळ्या ओळीवर थांबला होता, आणि गोल बाण दाबायला मनकर्णाबाई तिथे नव्हत्या.